रोडगे, रस्सा आणि शंभर डॉलर

बारावीचा निकाल लागला की वाशीम, रिसोड, कारंजा इथल्या घरांत बोलणं नीट, सीईटी आणि पोलीस भरती यांच्याभोवतीच फिरतं. अशात एखादी मुलगी म्हणाली, ‘मला फूड ब्लॉग करायचाय,’ की घर गप्प होतं. शेजारचा कुणीतरी लाखोंच्या कमाईचे किस्से सांगतो, काका टाइमपास म्हणून मोकळे होतात. हिशेब मात्र कुणीच मांडत नाही.

तो असा आहे. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळवायला 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तासांचा वॉच टाइम लागतो. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. पाहणारा सरासरी तीन मिनिटं थांबला, तरी व्हिडिओ 80,000 वेळा पाहिले गेले पाहिजेत, आणि तोवर जाहिरातीचा एक रुपयाही हातात नाही. पुढे मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले 55 टक्के करणाऱ्याचे. लिखित ब्लॉगला असा आकड्यांचा उंबरठा नाही, पण ‘अ‍ॅडसेन्स’ या गूगलच्या जाहिरात-सेवेची मंजुरी लागते आणि खात्यात 100 डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत. मराठी मजकुराला अ‍ॅडसेन्स चालतं. दर मात्र वाचक कुठल्या देशातला आहे त्यावर ठरतो. अमेरिकेतून वाचणाऱ्यामागे जे मिळतं, ते अकोल्यातून वाचणाऱ्यामागे मिळत नाही.

मग ज्यांचं चाललं, त्यांचं कशावर चाललं?

मधुरा बाचल यांनी 2009 मध्ये अमेरिकेत असताना चॅनल सुरू केलं. ‘मधुराज रेसिपी’ हे नाव घराघरांत पोचलं ते पुढे मराठीत स्वतंत्र चॅनल काढल्यावर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांची गोष्ट तर पालकांनी मुद्दाम वाचावी. आजींना यूट्यूब म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. नातवानं कॅमेरा धरला, आजींनी चूल सांभाळली आणि ‘आपली आजी’ उभं राहिलं. 2020 मध्ये हे चॅनल हॅक होऊन काही दिवस हातातून गेलंही होतं. खात्याला दुहेरी पडताळणी लावणं किती गरजेचं आहे, हे त्यावरून कळावं. या दोघींनीही पुढे स्वतःचे मसाले विक्रीला आणले. पाककृतीनं ओळख मिळवायची आणि कमाई तिच्या आजूबाजूच्या वस्तूंतून उभी करायची, ही वाट जाहिरातीपेक्षा जास्त भरवशाची आहे.

त्याआधीची पिढी लिहिणाऱ्यांची. वैदेही भावे यांचा ‘चकली’ हा ब्लॉग मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत पाककृती देत आला. परदेशातल्या कित्येक मराठी घरांतलं थालीपीठ तिथे वाचून जमलं असणार. आज व्हिडिओचा जोर आहे खरा, पण ‘पीठ किती, पाणी किती’ हे शोधणारा माणूस अजूनही मजकूर वाचतो. चालू व्हिडिओ थांबवत, मागे-पुढे करत स्वयंपाक करणं वैतागाचं काम आहे.

वाशीमच्या मुलांचं भांडवल कॅमेरा नाही. भांडवल आहे रोडगे. गव्हाच्या जाडसर पिठाचे, थर देऊन केलेले, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, वांग्याच्या भाजीबरोबर वाढलेले. पीठ किती जाड दळायचं, आर किती वेळ धरायचा, पुण्याच्या फ्लॅटमध्ये गोवऱ्या नसतील तर काय करायचं, याचं मापासकट उत्तर ज्या घरात आहे, त्या घराला विषय शोधावे लागत नाहीत. पाटवडीचा रस्सा, अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या, कळण्याची भाकरी ही यादी आजीला विचारली तर वाढतच जाईल. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. तिथल्या तांड्यांवरचं जेवण बाहेरच्या वाचकाला फारसं ठाऊकच नाही. पनीर बटर मसाल्याच्या हजारो पाककृतींत आणखी एकीची भर घालण्यात काय हशील?

मापाबद्दल कंजूषी नको. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक 1970 मध्ये आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, कारण त्यात वाटी-चमच्याचं नेमकं माप होतं. ‘अंदाजानं मीठ’ हे आईला चालतं, पहिल्यांदा स्वयंपाक करणाऱ्या मुलाला चालत नाही. प्रत्येक पदार्थ दोनदा तरी करून, मोजून, मगच लिहावा. आणि दुसऱ्याचा फोटो किंवा मजकूर उचलू नये, तो कॉपीराइटचा भंग आहे.

पालकांची खरी भीती शिक्षण सुटण्याची असते, आणि ती अनाठायी नाही. ब्लॉगसाठी पदवी सोडणं हा वेडेपणा आहे. पदवी आणि ब्लॉग एकमेकांना पूरक ठरू शकतात, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचं बी.टेक. आहे, प्रवेश सीईटीतून. तिथे शिकणारी मुलगी लोणचं का टिकतं हे कारणासह लिहू शकते. दोन वर्षं नेटानं चालवलेला ब्लॉग नोकरी मागतानाही कामाचा नमुना म्हणून दाखवता येतो. फूड फोटोग्राफी, पदार्थांच्या जाहिरातीचा मजकूर, हॉटेलांची सोशल मीडिया खाती अशी कामं त्यातून मिळू शकतात.

पैसे यायला लागले की नियमही येतात. एखाद्या कंपनीनं पैसे किंवा फुकट वस्तू देऊन पदार्थाचं कौतुक करवून घेतलं, तर ती जाहिरात आहे हे वाचकाला स्पष्ट दिसेल असं लिहावं लागतं. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी 2023 मध्ये तशा सूचना काढल्या आहेत. मसाला, पापड, कुरडया विकायच्या असतील तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवी. ब्लॉगचं उत्पन्न हे उत्पन्नच असतं, ते प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावं लागतं.

मूल 18 वर्षांखालचं असेल तर अ‍ॅडसेन्सचं खातं पालकांच्या नावानं उघडावं लागतं. म्हणजे काकांचं मत काहीही असो, आईवडिलांना यात पडावंच लागतं. शिल्लक 10 डॉलरवर गेली की गूगल पत्ता तपासण्यासाठी टपालानं पिन पाठवतं. तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती बंद होतात. त्यामुळे अर्जात गाव, तालुका, पिनकोड नीट लिहावा, आणि असं पत्र येणार आहे हे पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवावं.