वेशसंग्रह कसा वाचावा : भाचीस पत्र

पुणे

चिरंजीव भाचीस,

तुझे पत्र आणि सोबतची चित्रवही पावली. पॅरिसच्या नामांकित वेशगृहांच्या प्रदर्शनांतून तू ज्या गळ्यांच्या, बाह्यांच्या आणि रंगसंगतींच्या नकला उतरून घेतल्या आहेस, त्यांत हाताची सफाई निःसंशय आहे. परंतु एवढी पाने भरूनही स्वतःचे असे काही सुचत नाही, ही जी तक्रार तू अखेरीस नोंदवली आहेस, तिचे कारण त्याच पानांत सापडते. प्रत्येक वस्त्राचे रूप तू टिपलेस. ते रूप त्याला का घ्यावे लागले, याची चौकशी मात्र केली नाहीस. ही चौकशी कशी करावी, हे एका जुन्या दाखल्यावरून सांगतो.

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमधील आव्हेन्यू मोंतेन्यवरील ३० क्रमांकाच्या वास्तूत क्रिस्तियाँ दिओर याने आपल्या नावाचा पहिला वेशसंग्रह मांडला. त्यातला ‘बार’ नावाचा जोड, म्हणजे हस्तिदंती रेशमी शांटुंगचे कंबरेशी आवळलेले जाकीट आणि त्याखाली काळ्या लोकरी कापडाचा चुणीदार स्कर्ट, आज सर्वांच्या परिचयाचा आहे. आणि म्हणूनच नवशिका तेवढेच चित्र उतरून घेऊन थांबतो. परंतु वेशसंग्रह म्हणजे एक वस्त्र नव्हे. तो आरंभापासून अखेरपर्यंत एका बैठकीत पाहावा आणि त्यात वारंवार काय येते, याची नोंद करावी. त्या दिवशी दिओरने दोन रेषा मांडल्या होत्या : एक उमलत्या पुष्पदलाची, दुसरी आठच्या आकड्याची. पहिलीत घेर प्रचंड, दुसरीत नितंबांवरून उतरणारी घट्ट रेषा. परंतु कंबर दोहोंतही तितकीच कृश. बाकी सारे बदलत असता जी गोष्ट बदलत नाही, तीच त्या संग्रहाची प्रतिज्ञा, असे समजावे.

त्यानंतर त्या कालाकडे वळावे. युद्धाच्या वर्षांत कापड तुटपुंजे होते. खांदे चौकोनी, स्कर्ट आखूड आणि कमी घेराचे, असा शिरस्ता पडला होता. दिओरने खांदा गोल केला, घेर पोटरीखाली नेला, म्हणजे त्या शिरस्त्याचे एकेक कलम रद्द केले. इंग्लंडात तर कपड्यांचे रेशनिंग १९४९ पर्यंत चालू होते, तेव्हा या उधळपट्टीवर लोक संतापले यात नवल नाही. आणि या वेशगृहामागे भांडवल कोणाचे, तर मार्सेल बुसाक या कापडगिरण्यांच्या मालकाचे! दिओरची सौंदर्याची आवड खोटी होती असे मी म्हणत नाही. परंतु स्त्रियांच्या घेरात वाढलेला प्रत्येक वार अशा गिरणीमालकाच्या खतावणीत जमेच्याच बाजूला पडणार होता, हेही चौकशीच्या कागदावर यावयास हवे.

तिसरी पायरी शिवणीची, आणि तुझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. ती कंबर केवळ परिधान करणारीची नव्हती. जाकिटाच्या खालच्या भागात भरण घालून नितंब फुगवले होते, म्हणून त्यांच्या शेजारी कंबर बारीक भासत होती. कापडांना पर्केल किंवा तॅफेटा यांचे अस्तर लावण्याची मागे पडलेली पद्धत दिओरने पुन्हा उचलली होती. सारांश, आकार कापडाच्या आत बांधून ठेवलेला होता, आणि देहाने त्यात प्रवेश करावयाचा होता.

आता याच्याच समोर दुसरा कागद ठेव. सत्तर वर्षांची गाब्रिएल शानेल, जिने १९३९ साली आपले शिवणगृह बंद केले होते, ती ५ फेब्रुवारी १९५४ रोजी नवा संग्रह घेऊन परत आली. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी तिची उपेक्षा व टवाळी केली. अमेरिकेने मात्र तिला उचलून धरले. तिच्यापुढचा प्रश्न दिओरपुढे होता तोच होता, वस्त्राने आपला डौल कसा राखावा हा. परंतु तिचा फैसला नेमका उलट. त्या पर्वातील तिच्या जाकिटांत सैल विणीचे ट्वीड रेशमी अस्तराशी टीप मारून सांधलेले असे. मुंढा वरपर्यंत, काखेलगत बेतलेला असे, जेणेकरून हात वर केला तरी जाकीट वर चढू नये. आणि खालच्या काठाला, आतल्या बाजूने, एक बारीक धातूची साखळी शिवलेली असे, जिच्या वजनाने कापड सरळ खाली पडे. दिओरने आकार बांधला, शानेलने तो वजनावर सोडला.

यांतले श्रेष्ठ कोण, हा निवाडा तुझ्याकडे कोणी मागितलेला नाही. परंतु एकाच अडचणीतून दोन परस्परविरुद्ध आणि तरीही परिपूर्ण वस्त्रे निर्माण होऊ शकतात, हे ज्याला दिसले, त्याला तिसरे वस्त्र सुचण्याची वाट मोकळी होते. साखळीची नक्कल केलीस तर तुझ्या हाती एक दागिना येईल. वजनाचे तत्त्व उमगले तर पैठणीचा पदर जरीच्या भाराने कसा झेपावत खाली येतो, याकडे तू प्रथमच कारागिराच्या नजरेने पाहशील, आणि त्या भाराचा उपयोग ओढणीत, बाहीत किंवा परकराच्या काठात कसा करावा, हे तुझे तुलाच सुचेल.

एक प्रश्न मात्र वेशसंग्रह पाहणारे क्वचितच विचारतात : टाका कोणी घातला? ३० मार्च २०२३ रोजी दिओरच्याच वेशगृहाने, मारिया ग्राझिया किउरी हिच्या दिग्दर्शनाखाली, आपला संग्रह मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर मांडला, तेव्हा त्या कमानीपुढे भव्य तोरण उभारले होते. ते तोरण आणि संग्रहातले भरतकाम मुंबईच्याच ‘चाणक्य’ या कार्यशाळेतील हातांनी घडले होते. पॅरिसच्या नावाने जगभर जाणारे काम तुझ्यापासून काही तासांच्या आगगाडीच्या अंतरावर चालते, हे ध्यानात घेऊन, परवानगी मिळाल्यास अशा एखाद्या कारखान्यात जाऊन बस, आणि चौकटीवर ताणलेल्या कापडातून आरी कशी वर येते व कशी खाली जाते, ते पाहा. किती नक्षी केवळ आरीच्या सोयीतून जन्मली आहे, हे चित्रवहीत उमजत नाही.

तेव्हा पुढील महिन्यात नवे पान काढू नकोस. तुला आवडलेला एकच संग्रह निवड. त्यात न बदलणारी गोष्ट कोणती, त्याआधी कोणता शिरस्ता होता, पैसा कोणाचा आणि टाका कोणाचा, या चार कलमांचा तपशील एका कागदावर लिही. आणि मग त्यातली एकच अडचण घेऊन, मूळ वस्त्राकडे पुन्हा न पाहता, ती तुझ्या रीतीने मांजरपाटात बेतून शिव. रेशीम वापरू नकोस. महागडे कापड चुकीच्या बेतावर पांघरूण घालते. तो नमुना आणि तो कागद, दोन्ही टपालाने पाठव. मुंढा कोठे ओढतो आणि उरेब कोठे दगा देते, हे मी खडूने खुणा करून परत पाठवीन. पण खूण केलेल्या प्रत्येक जागी तू तसेच का बेतलेस, याचे उत्तर तुझ्यापाशी तयार असले पाहिजे.

ताईस नमस्कार सांग.

तुझा,
मामा