नावाचा रकाना कोरा आहे तोवर

गेल्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या जोडप्याकडे बाळ बघायला गेले होते. दोघंही इथे कलकत्त्यात, सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला, ती नागपूरची, तो साताऱ्याचा. बाळ जेमतेम अकरा दिवसांचं. सांभाळायला ठेवलेली माशी (इथे मावशीला माशीच म्हणतात, ऐकायची सवय व्हायला मला वर्ष लागलं) त्याला मांडीवर थोपटत ती जुनी बंगाली अंगाई म्हणत होती. पाड्यात सामसूम झालेली आणि मुलुखात बर्गी शिरलेले, ती. बर्गी म्हणजे दुसरं कोण, नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. त्यांच्याच धास्तीनं १७४२ साली कलकत्त्याभोवती मराठा खंदक खणायला घेतला होता. आणि नागपूरकरणीचं लेकरू त्याच बागुलबुवाच्या गाण्यावर बिनघोर झोपलं होतं! आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. माशीला काही सांगितलं नाही.

टेबलावर जन्मनोंदणीचा फॉर्म पडला होता. आईचं नाव, वडलांचं नाव भरलेलं, बाळाचा रकाना कोरा. बारसं व्हायचं होतं. घाई नाही म्हटलं, नोंद तेवढी एकवीस दिवसांत करा. नाव वर्षभरात फुकट घालता येतं, नंतरही शुल्क भरून येतं. माशीनं तर 'बुबाई' हे डाकनाम, म्हणजे घरचं लाडाचं नाव, कधीच ठेवून टाकलं होतं.

मग तो म्हणाला, "काकू, पुढच्या वर्षी कंपनी कॅनडाला पाठवतेय. दुसरं तिकडे झालं तर तिकडचा पासपोर्ट आपोआप. पुढे आम्ही तिकडचे झालो की ह्याचंही करून टाकू. शेवटी आईबाप आम्हीच ना!"

हे 'शेवटी आईबाप आम्हीच' माझ्या डोक्यातून गेलं नाही, म्हणून तुम्हा सगळ्या नव्या आईबाबांशी बोलायला बसले.

तुम्ही नागरिकत्व देता असं वाटतं खरं, पण कायदा काय म्हणतो बघा. २६ जानेवारी १९५० पासून जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला, तो जन्मानंच भारतीय. आईबाप कोण, हे कुणी विचारत नव्हतं. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी भारतीय लागू लागला. ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे माझ्या पिढीला मातीनं ओळखलं. तुमच्या बाळाला तुमच्या कागदांवरून ओळखणार. त्यानं काय केलं? काहीच नाही, अजून मानसुद्धा धरत नाही.

आणि आता त्या 'करून टाकू'चं. आईनं किंवा बापानं भारतीय नागरिकत्व सोडल्याचं रीतसर जाहीर केलं, की कायद्यानं अल्पवयीन मुलाचंही जातं. सहावी-सातवीतल्या पोराला विचारतं कोण? पण त्याच कलमात पुढे एक फट ठेवलेली आहे. मूल सज्ञान झालं की वर्षाच्या आत 'मला परत भारतीय व्हायचंय' असं जाहीर करू शकतं. ही गोष्ट मुलाला सांगितलीच नाही, तर ते वर्ष कॉलेजच्या प्रवेशांत निघून जातं. मला तर ही लबाडी वाटते, नकळत केलेली का असेना.

इंग्रज तत्त्ववेत्ता लॉक सतराव्या शतकात म्हणून गेला की मूल कुठल्याच राजसत्तेचं प्रजाजन म्हणून जन्मत नाही. समज येईपर्यंत ते बापाच्या देखरेखीखाली असतं, नंतर आपलं आपण ठरवतं. ऐकायला छान आहे. पण अठरा वर्षं कुठल्याच देशाचं नसलेलं मूल शाळेत कसं घालायचं, लस कुठे टोचायची, हे लॉकला विचारायला हवं होतं.

उलट टोक याच शहरात बघायला मिळतं. रविवारी पहाटे टिरेटा बाजारात गरम बाव खायला आपण हौसेनं जातो. तिथल्या चिनी घरांतली कित्येक मुलं इथंच जन्मली, शाळेत बंगाली शिकली. १९६२ चं युद्ध झालं आणि त्या वर्षीच्या कायद्यात आजीआजोबांपैकी एक जण कधीकाळी शत्रुदेशाचा प्रजाजन असला, तरी माणूस परका ठरायला पुरे झालं. आसाम आणि उत्तर बंगालातले सुमारे तीन हजार लोक, लेकराबाळांसकट, राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत गेले. आजोबांचा जन्म नातवाला असा भोवतो.

पण जन्म कळून कुणी मोकळंही होतं. रवींद्रनाथांची 'गोरा' ही कादंबरी १९१० साली पुस्तकरूपात आली. कलकत्त्यातला कट्टर हिंदू तरुण, आणि निघतो कोण, तर सत्तावनच्या धामधुमीत जन्मलेलं एका आयरिश बापाचं पोर. तो खचत नाही, हलका होतो. आणि तो कुणाचा हे माहीत असूनही त्याला वाढवणाऱ्या आनंदमयीनं त्याला पोटाशी धरलेलं असतं. मला कादंबरीत गोरापेक्षा तीच जास्त आवडते.

तर मी त्या साताऱ्याच्या पोराला म्हटलं, जा बाबा खुशाल कॅनडाला. फक्त एक पाकीट कर. त्यात ह्याचा जन्मदाखला, तुम्हा दोघांचे दाखले, जुने पासपोर्ट, आणि अठराव्या वर्षाच्या त्या कलमाची चिठ्ठी, ह्याच्या नावानं.

"माझा दाखला?" तो गडबडला. "मी नव्वदचा. तो असेल आईच्या ट्रंकेत."

"नव्वदचा म्हणजे तुला आई किंवा वडील भारतीय असल्याचं दाखवावं लागेल. आईचा जन्म कधीचा?"

"बासष्ट. साताऱ्यातच."

मग तिथं थांबलं. तिला कुणाचं काही दाखवायचं नव्हतं, सातारा पुरे होता. त्यानं लगेच फोन लावला. ट्रंकेबद्दल विचारण्याआधीच पलीकडून आवाज आला, "नाव ठरलं का रे?"

आतून माशी ओरडली, "बुबाई!"