ओट्यावरचा दिवा

शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरी हे गाव आहे. तेथे एका मावशींच्या घरी आम्ही संध्याकाळी गेलो होतो. मावशी भाकरी थापत होत्या. दिवा खोलीच्या मधोमध, म्हणजे त्यांच्या पाठीमागे. त्यामुळे त्यांची सावली त्यांच्याच परातीत पडे. पिठातला खडा दिसत नसे.

आम्ही विचारले, "मावशी, एवढ्या अंधारात कसं जमतं?"

मावशी म्हणाल्या, "सवय झाली. पण ओट्यावर एक दिवा हवाच. मुलगा म्हणतो, मीच जोडतो. दोन तारा तर जोडायच्या!"

तारा दोनच, हे खरे. पण बटण कोणत्या तारेवर बसते, यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. ते आज समजून घेऊ या.

दोन तारा

घरात वीज एका तारेने येते व दुसरीने परत जाते. येणाऱ्या तारेला फेज म्हणतात. ती बहुधा लाल असते. हात लावला की शॉक बसतो तो हिचाच. परत जाणाऱ्या तारेला न्यूट्रल म्हणतात. ती काळी असते. तिसरी हिरवी तार अर्थिंगची, म्हणजे जमिनीला जोडलेली. धातूच्या वस्तूत चुकून वीज उतरली, तर ती या तारेने जमिनीत जाते. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते. ओल्या हाताला तेवढी वीज प्राणघातक ठरू शकते.

जुन्या घरात तारांच्या रंगावर विसंबू नये. तार टेस्टरनेच तपासावी.

बटण कोठे बसवावे?

शेतातली पाइपलाइन आठवा. विहिरीजवळचा कॉक बंद केला, तर पुढच्या नळीत पाणी येत नाही. कॉक नळीच्या शेवटच्या टोकाला असेल, तर तो बंद केला तरी नळी पाण्याने भरलेलीच राहते.

विजेचेही तसेच आहे. फेज आधी बटणात यावी. बटणातून निघालेली तार दिव्याच्या होल्डरला जावी. न्यूट्रल सरळ होल्डरला जावी. मग बटण बंद केले की होल्डरपर्यंत वीज पोहोचत नाही.

उलट, बटण न्यूट्रलवर बसवले तरीही दिवा लागतो आणि विझतो. म्हणून चूक कळत नाही. पण दिवा विझलेला असतानाही होल्डरमध्ये वीज उभी असते. एखादी बाई बटण बंद करून, निर्धास्तपणे बल्ब बदलायला जाते आणि शॉक बसतो.

काम करून घेताना

नवे वायरिंग परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे. तसा नियमच आहे. पण आपण शेजारी उभे राहून पाहावे.

१. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करावा. फ्यूज असेल तर काढून खिशात ठेवावा, म्हणजे दुसरे कोणी चुकून लाईट चालू करणार नाही.

२. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून पाहावा. तो नीट चालतो ना, हे कळते. मग मेन बंद करून तार तपासावी.

३. दिव्यासाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी. तिच्यावर आय.एस.आय.ची खूण पाहावी.

४. तारांचा जोड डबीत, कनेक्टर लावून करावा. नुसती टेप गुंडाळून जोड भिंतीत बुजवू नये.

५. बटण नळापासून व चुलीपासून दूर, खांद्याच्या उंचीवर असावे. दिवा ओट्याच्या समोर वर असावा, म्हणजे सावली मागे पडते.

शेवटची परीक्षा

काम झाल्यावर मेन चालू करावा. बल्ब काढावा. नवे बटण बंद ठेवावे. वायरमनला होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावायला सांगावे. टेस्टर पेटता कामा नये. पेटला, तर बटण चुकीच्या तारेवर आहे. काम पुन्हा करून घ्यावे. यात भिडेचे कारण नाही.

खर्चाची भीती नको. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज चार तास लावला, तर महिन्याला साधारण एक युनिट वीज लागते. जुना ६० वॅटचा बल्ब तेवढ्याच वेळात सात युनिट खातो.

कोणाला शॉक बसून तो तारेला चिकटला, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकला. मग १०८ वर फोन करा.

मावशींच्या घरी वायरमन आला. मावशी परात बाजूला ठेवून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. टेस्टर लावून पाहा, असे त्यांनीच सांगितले. टेस्टर पेटला नाही. मग त्यांनी कागदाच्या पट्टीवर स्वतःच्या हाताने लिहिले, 'ओटा', आणि ती पट्टी नव्या बटणाखाली चिकटवली. आता घरात कोणालाही विचारावे लागत नाही.

वाचा व लिहा : फेज, न्यूट्रल, अर्थिंग, होल्डर, टेस्टर, मेन स्विच.

प्रश्न

१. बटण कोणत्या तारेवर असावे? का?

२. बटण बंद असताना होल्डरमध्ये टेस्टर पेटला, तर काय समजावे?

३. तुमच्या घरातील बोर्डावर प्रत्येक बटणाचे नाव लिहून लावा.