सही कुणाची, देणं कुणाचं?

एका गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं आणि कंत्राटदाराची काही रक्कम राहिली. ती पुढे देऊ, अशी प्रॉमिसरी नोट सचिवांनी लिहून दिली. मजकूर इंग्रजीत, ‘आय प्रॉमिस टु पे’ या नेहमीच्या साच्यातला. खाली सही आणि नाव. पैसे लांबले, तशी वकिलाची नोटीस थेट सचिवांच्या घरी आली. कायदेशीर कागदांची भाषांतरं करणाऱ्या प्रस्तुत लेखकाकडे ते ती मराठीत करून घ्यायला आले. “अहो, देणं सोसायटीचं, मग नोटीस मला का?”

नोटेवर ‘ऑन बिहाफ ऑफ’ आणि त्यापुढे संस्थेचं नाव, एवढंच राहून गेलं होतं.

१८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम २८ याबाबत कडक आहे. चेक, हुंडी किंवा प्रॉमिसरी नोटेवर सही करताना आपण दुसऱ्याच्या वतीने सही करतोय, किंवा वैयक्तिक जबाबदारी घेत नाही, हे दाखवलं नाही, तर सही करणारा स्वतः देणेकरी ठरतो. ‘पैसे संस्थाच देईल’ असा विश्वास देऊन ज्यानं सही घेतली, त्याला मात्र ती जबाबदारी लादता येत नाही. पण तसं घडलं हे सिद्ध करणं सोपं नसतं.

म्हणून आधी ‘फॉर अँड ऑन बिहाफ ऑफ’, त्यापुढे संस्थेचं नोंदणीकृत पूर्ण नाव, मग सही, नाव, पद आणि शिक्का. नुसतं ‘सेक्रेटरी’ लिहिल्यानं पद कळतं. कोणत्या संस्थेसाठी सही केली, ते कळत नाही.

सरकारलाही यातून सूट नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९नुसार सरकारी करार राष्ट्रपती किंवा राज्यपालांच्या नावाने आणि त्यांच्या वतीनेच व्हावे लागतात. घटनेच्या आधी १९३५च्या कायद्यातही अशीच अट होती. ती न पाळता एका रेल्वे अधिकाऱ्यानं धान्यखरेदीच्या ऑर्डरी दिल्या होत्या. भीखराज जयपुरिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो करार सरकारवर बंधनकारक मानला नाही.

‘ऑन बिहाफ ऑफ’ हा शब्दप्रयोग भलत्या जागीही घुसतो. कंत्राटदाराकडून झालेल्या उशिराला अनेकजण ‘डिले ऑन बिहाफ ऑफ द कॉन्ट्रॅक्टर’ म्हणतात. वाचणाऱ्याला वाटतं, कंत्राटदारासाठी दुसऱ्याच कुणी उशीर केला. तिथे ‘ऑन द पार्ट ऑफ’ हवं. माफीपत्रातही ‘मिस्टेक ऑन माय पार्ट’ असंच लिहावं.

शब्द बरोबर लिहिले तरी अधिकार लागतोच. व्यवहार पाहण्याची, येणी-देणी भागवण्याची सर्वसाधारण मुभा असली, म्हणून हुंडी स्वीकारून मालकाला बांधता येत नाही, असं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम २७ सांगतं. आणि खोटा अधिकार सांगून केलेला व्यवहार मालकानं मान्य केला नाही, तर १८७२च्या करार कायद्याच्या कलम २३५नुसार नुकसानभरपाई सही करणाऱ्याकडेच मागता येते. तेव्हा सहीआधी कार्यकारिणीचा ठराव करून घ्यावा, त्यात रक्कम आणि सही करणाऱ्याचं नाव स्पष्ट असावं आणि त्याची एक प्रत सही करणाऱ्यानं स्वतःकडे ठेवावी.