निवडून आलेल्या आणि नेमलेल्या

एखाद्या सभागृहात स्त्री सभासद दिसली की पहिला प्रश्न असा विचारावा : ही बाई निवडून आली की नेमली गेली? वर्गात नागरिकशास्त्र शिकविताना आम्ही हा प्रश्न घालीत असू, आणि मुले कंटाळत. दोह्याजवळ समुद्रात भर घालून वसविलेल्या ‘द पर्ल’ बेटावर लेकीकडे राहावयास आल्यावर तो आम्हांस पुन्हा आठवला. येथे परदेशी माणसास घर विकत घेता येते. मत देता येत नाही.

कतारात ८ मार्च १९९९ रोजी मध्यवर्ती नगरपरिषदेच्या २९ जागांसाठी निवडणूक झाली. स्त्रियांस मतदानाचा आणि उभे राहण्याचाही हक्क होता. सहा जणी उभ्या राहिल्या, सहाही पडल्या. २००३ साली मात्र शेखा युसूफ अल जुफैरी दोह्याच्या जुन्या विमानतळ भागातून निवडून आल्या. (शेखा हे त्यांचे नाव, राजघराण्याची पदवी नव्हे.) त्या वेळी त्या बिनविरोध आल्या, म्हणून कोणी नाक मुरडेल, परंतु २००७ साली त्या पुन्हा निवडून आल्या, आणि २०१५ सालीही. परिषदेस कायदे करता येत नाहीत, ती सल्ला देते. तरीही लोकांनी आपल्या गल्लीच्या तक्रारी एका बाईकडे न्याव्या, हे आम्हांस थोर वाटते.

कायदेमंडळ म्हणजे शूरा परिषद. तेथे २०१७ साली चार स्त्रिया प्रथमच आल्या, त्या अमिरांच्या नेमणुकीने. २ ऑक्टोबर २०२१ रोजी तिच्या ४५ पैकी ३० जागांसाठी प्रथमच मतदान झाले. स्त्री उमेदवार होत्या, परंतु एकही निवडून आली नाही! उरलेल्या १५ जागा अमिरांनी भरावयाच्या होत्या. त्यांत दोन स्त्रिया घेतल्या. एक अल जुफैरीबाई. दुसऱ्या शिक्षणक्षेत्रातील हमदा अल सुलैती. त्यांस सभासदांनी उपसभापती निवडले.

नेमणुकीस आम्ही हलके लेखीत नाही. नागपूरच्या अनसूयाबाई काळे १९२८ साली मध्यप्रांताच्या कायदेमंडळात सरकारनियुक्त म्हणूनच गेल्या होत्या. पुढे १९३७ साली त्या तेथील विधानसभेच्या उपसभापती झाल्या आणि १९५२ साली नागपूरच्या मतदारांनी त्यांस लोकसभेत धाडले. नेमणूक ही पहिली पायरी होती, जिना पुढे होता.

कतारात जिना वळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वमत घेऊन घटना बदलली आणि शूरेचे सर्व सभासद पुन्हा नेमणुकीने घ्यावयाचे ठरले. नगरपरिषदेची निवडणूक तेवढी राहिली. २०२३ साली ती झाली होती.