व्यसनमुक्ती केंद्राची निवड : वैद्याचे कर्तव्य व निकष

मदात्ययाचा विचार आपल्या संहिताकारांनी स्वतंत्र अध्यायांतून केलेला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील पानात्ययप्रतिषेध हा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला असतो. मद्याचे दशगुण ओजाच्या दशगुणांच्या विरोधी कसे, हे आपण परीक्षेत लिहिलेलेही असते. तथापि चिकित्सालयात उभा राहणारा प्रश्न निराळा असतो. रुग्णाची पत्नी किंवा वृद्ध पिता समोर बसून विचारतात, "डॉक्टर, ह्यांना कुठं ठेवावं?" या प्रश्नाचे उत्तर अनेकदा एखाद्या भिंतीवरील जाहिरातीच्या किंवा ओळखीच्या आधारे दिले जाते. वस्तुतः हा चिकित्सेचाच एक भाग असून त्यास निकष आहेत. त्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्र शासनासाठी केलेले सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी साहाय्याची आवश्यकता आहे. मद्यावलंबी व्यक्तींपैकी ३८ मध्ये एकालाच काही ना काही उपचार मिळाले, तर रुग्णालयात दाखल होऊन उपचार १८० मध्ये एकाला मिळाले. उर्वरित रुग्ण आपल्याच चिकित्सालयांत आम्लपित्त, अनिद्रा, कंप किंवा कामला घेऊन येत असतात.

१. केंद्रापूर्वी रुग्णपरीक्षण

केंद्र कोणते, हा दुसरा प्रश्न होय. या रुग्णास काय आवश्यक आहे, हा पहिला. नित्य व अतिमात्र मद्यपान करणाऱ्याने अकस्मात मद्य बंद केल्यास सहा ते चोवीस तासांत कंप, स्वेद, हृद्द्रव व अनिद्रा ही लक्षणे दिसू लागतात. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारसदृश झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान प्रलाप, भास व ज्वर यांनी युक्त अशी डिलिरियम ट्रेमेन्स ही अवस्था उद्भवू शकते. योग्य उपचारांअभावी ती प्राणघातक ठरते. म्हणून पुढील रुग्णांना निवासी केंद्रात न पाठवता प्रथम सर्वसाधारण रुग्णालयात, मानसरोगतज्ज्ञ व फिजिशियन यांच्या देखरेखीखाली दाखल करावे :

• पूर्वी मद्य सोडताना झटके किंवा प्रलाप झालेला रुग्ण
• सकाळी उठताच मद्य घेतल्याशिवाय हात स्थिर न राहणारा रुग्ण
• कामला, जलोदर, रक्तवमन यांचा इतिहास असलेला किंवा अतिकृश रुग्ण
• मधुमेह, हृद्रोग असलेला किंवा वृद्ध रुग्ण
• मद्यासह झोपेच्या गोळ्या किंवा अफूजन्य द्रव्ये घेणारा रुग्ण
• आत्महत्येचे विचार व्यक्त करणारा रुग्ण

याउलट, ज्याचे सेवन मध्यम आहे, ज्यास वरील उपद्रव नाहीत आणि ज्याच्या घरी काळजी घेणारे माणूस आहे, अशा रुग्णास दाखल करण्याची गरज नसतेच. मानसरोगतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागात नियमित उपचार व समुपदेशन त्यास पुरेसे ठरू शकते. नोकरी व संसार सांभाळून उपचार होत असतील तर कुटुंबाचा खर्चही वाचतो.

अफूजन्य द्रव्यांच्या रुग्णाविषयी एक बाब ध्यानात ठेवावी. काही आठवडे द्रव्य बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटते. केंद्रातून बाहेर पडून रुग्णाने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर श्वसन थांबून मृत्यू येऊ शकतो. म्हणून अशा रुग्णासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधांनी दीर्घकाळ उपचार करण्याची सोय जेथे आहे, तेच केंद्र श्रेयस्कर.

२. कायद्याची अपेक्षा

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ सालापासून अमलात आहे. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा अंतर्भाव आहे. अशा रुग्णांना दाखल करणाऱ्या आस्थापनेस राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीपत्र पाहण्यास मागणे हा कुटुंबीयांचा हक्क होय. ते दाखविण्यास टाळाटाळ करणाऱ्या ठिकाणाचा विचार तेथेच सोडून द्यावा.

स्वेच्छेने दाखल झालेल्या रुग्णाने घरी जाण्याची इच्छा व्यक्त केल्यास त्यास सोडावे लागते. विशिष्ट कारणांसाठी तज्ज्ञास त्याची तपासणी होईपर्यंत चोवीस तासांपर्यंत थांबविता येते. संमतीविना दाखल करावयाचे झाल्यास त्याची स्वतंत्र कार्यपद्धती असून तीत नामनिर्देशित प्रतिनिधी व तज्ज्ञांची तपासणी आवश्यक असते. रात्री गाडी पाठवून चार जणांनी रुग्णास उचलून नेणे ही ती कार्यपद्धती नव्हे. रुग्णास साखळीने बांधणे व एकांतात कोंडणे यांस कायद्याने मनाई आहे.

आपल्या दृष्टीने आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे. 'मनोविज्ञान व मानसरोग' या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधारकाचा समावेश या अधिनियमाने मानसिक आरोग्य व्यावसायिकांत केला आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीने मात्र तो दर्जा प्राप्त होत नाही, ही मर्यादाही आपण ओळखावी.

३. प्रत्यक्ष भेटीत काय पहावे

कुटुंबीयांनी रुग्णास नेण्यापूर्वी केंद्र समक्ष पाहावे, असा आग्रह धरावा. शक्य असल्यास वैद्यानेही परिसरातील दोन-तीन केंद्रे एकदा स्वतः पाहून ठेवावीत. भेटीत पुढील प्रश्न विचारावेत :

१) रात्री डॉक्टर कोठे असतात? झटका आल्यास रुग्णास कोणत्या रुग्णालयात व किती वेळात नेले जाते?
२) दाखल करताना रक्ततपासणी, यकृताची तपासणी व रक्तदाब-शर्करा यांची नोंद होते काय?
३) मानसरोगतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? प्रशिक्षित समुपदेशक किती रुग्णांमागे एक आहे?
४) कुटुंबीयांस रुग्णाशी केव्हा भेटता व बोलता येते?
५) शुल्कात कशाचा समावेश आहे? पावती मिळते काय? मध्येच सोडल्यास रक्कम परत मिळते काय?
६) घरी गेल्यावर पाठपुरावा किती काळ व कसा होतो?

स्वयंपाकघर, शौचालये व झोपण्याची जागा अवश्य पहावी. तेथील रुग्णांशी एकांतात दोन शब्द बोलू दिले तर उत्तम. 'शंभर टक्के खात्री', 'सात दिवसांत मुक्ती' असे सांगणारे केंद्र टाळावे. व्यसनाधीनता हा पुनरावर्तनशील व्याधी असल्याने प्रामाणिक चिकित्सक अशी हमी देऊ शकत नाही. मारहाण, उपाशी ठेवणे किंवा अपमान यांस 'शिस्त' म्हणणारे केंद्र चिकित्सालय नव्हेच.

महाराष्ट्रात या क्षेत्राची चांगली परंपरा आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत वांद्रे येथे कृपा फाउंडेशनचे कार्य सुरू केले. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण स्थापन केले. त्यामागे पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य होते. रुग्णास गुन्हेगार न मानता माणूस मानणे आणि कुटुंबास उपचारात सामील करून घेणे, ही दृष्टी या परंपरेतून शिकण्यासारखी आहे. अन्य केंद्रांची पारख करतानाही हीच कसोटी लावावी.

४. औषधालयातील दक्षता

हा भाग औषधी विक्रेत्या बंधूंसाठी विशेष महत्त्वाचा आहे. आसवारिष्टांत स्वयंजात मद्यांश असतो व तो साधारणतः ५ ते १२ टक्क्यांपर्यंत असू शकतो. मद्य सोडलेला रुग्ण 'आयुर्वेदिक टॉनिक' म्हणून द्राक्षासव किंवा अश्वगंधारिष्ट मागू लागला, तर त्याचा इतिहास विचारावा. मद्याची चवच त्याची इच्छा पुन्हा जागृत करू शकते. रुग्ण डायसल्फिराम घेत असल्यास धोका अधिक गंभीर असतो. आसवारिष्टाने मुखरक्तिमा, छर्दी, हृद्द्रव व रक्तदाब घटणे अशी प्रतिक्रिया होऊ शकते. हे औषध बंद केल्यानंतरही सुमारे दोन आठवड्यांपर्यंत हा संभव राहतो. अशा रुग्णांसाठी चूर्ण, वटी, घृत किंवा क्वाथ यांची योजना करावी.

अहिफेनयुक्त कल्पांविषयीही सावध राहावे. कामिनीविद्रावण रसाच्या सेवनाने अफूचे अवलंबित्व निर्माण झालेले रुग्ण आढळतात. असे कल्प चिकित्सकाच्या पत्राशिवाय देऊ नयेत. 'न सांगता जेवणात मिसळा' अशी चूर्णे मागणाऱ्या कुटुंबीयांस तर स्पष्ट नकार द्यावा. त्यात डायसल्फिराम असल्यास आणि रुग्णाने नकळत मद्य घेतल्यास जिवावर बेतू शकते.

५. आपले स्थान

प्रारंभीच्या तीव्र अवस्थेनंतर आपल्या शास्त्रास मोठे क्षेत्र मोकळे होते. अग्निदीपन, यकृताचे संरक्षण, निद्रा, बृंहण, सत्त्वावजय व आचाररसायन यांचा उपयोग मानसरोगतज्ज्ञाच्या औषधांसमवेत, त्यांस कळवून करावा. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. चरकाचार्यांनी मद्य सोडून पुन्हा अतिपान करणाऱ्यास होणारे ध्वंसक व विक्षय हे विकार वर्णिले आहेत. म्हणजे पुनरावर्तनाची जाणीव आपल्या आचार्यांनाही होती. घरी परतलेल्या रुग्णास पहिले तीन महिने दर आठवड्याला बोलवावे. त्यास अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या व कुटुंबीयांस अल्-अ‍ॅनॉनच्या सभांची माहिती द्यावी. या सभांना शुल्क नसते. शासनाचे १४४४६ व टेलिमानसचे १४४१६ हे क्रमांक चिकित्सालयात व औषधालयात दर्शनी लावावेत.

उपसंहार

केंद्रास पाठविणे म्हणजे रुग्ण हातावेगळा करणे नव्हे. पत्र देताना व्यसनाचा काळ, मात्रा, अंतिम सेवनाची वेळ, पूर्वीचे झटके व चालू औषधे यांची नोंद लिहून द्यावी. पाचव्या दिवशी केंद्रास स्वतः दूरध्वनी करून रुग्णाची स्थिती विचारावी. वैद्य विचारपूस करतो हे ज्या केंद्रास ठाऊक असते, तेथे रुग्णाची काळजीही अधिक घेतली जाते. एवढे केल्यास त्या वृद्ध पित्याच्या प्रश्नाला आपण खरे उत्तर दिले असे म्हणता येईल.