टोपली आणि मडके : नाचणीच्या बिअरची घरगुती सिद्धता

धान्यापासून बिअर तयार करणारा कारखाना कितीही मोठा असला, तरी त्याला मुख्यतः चार कामे करावी लागतात : धान्य शिजविणे, त्यातील स्टार्चचे साखरेत रूपांतर करणे, त्या साखरेपासून मद्यार्क तयार होऊ देणे आणि शेवटी चोथा वेगळा करून पेय काढून घेणे. ही चारही कामे पातेले, चटई, टोपली व मडके एवढ्या साधनांनी कशी पार पडतात, हे पाहावयाचे असेल तर सिक्कीम व दार्जिलिंगच्या डोंगराळ भागातील ‘कोदोको जांड’ ह्या पेयाची कृती समजून घ्यावी. नेपाळी भाषेत कोदो म्हणजे नाचणी; महाराष्ट्रातील कोद्रा हे धान्य त्याहून वेगळे. जोसेफ हूकर ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या हिमालयाच्या प्रवासवर्णनातही नाचणीच्या ह्या बिअरचा उल्लेख आहे.

सर्वांत कठीण काम दुसरे होय. मद्यार्क तयार करणारे यीस्ट साखरेवर जगते. स्टार्च त्याला पचत नाही. युरोपात ही अडचण बार्लीला मोड आणून दूर करतात. मोड येताना दाण्यात जी एंझाइमे निर्माण होतात, ती स्टार्चचे विघटन करून साखर तयार करतात. पूर्व हिमालयात हेच काम बुरशीकडून करवून घेतात आणि ती बुरशी ‘मर्चा’ नावाच्या पांढुरक्या, चपट्या वड्यांतून मिळते.

मर्चासाठी भिजविलेले तांदूळ उखळात कुटतात. त्यात चित्रकाची मुळे, सहदेवीची फुले, आले, सुकी मिरची इत्यादी पदार्थ घालतात आणि आधीच्या मर्चाची थोडी पूडही मिसळतात. मळलेल्या पिठाच्या वड्या नेच्याच्या पानांवर मांडून झाकून ठेवतात व त्या फुगून आल्या की उन्हात वाळवितात. ह्या वड्यांत बुरशी, यीस्ट आणि दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंच्या जातीतले जिवाणू अशी तिन्ही प्रकारची सूक्ष्मजीवसृष्टी एकत्र नांदत असते, असे शास्त्रज्ञांना आढळून आले आहे.

पेय करताना नाचणी स्वच्छ धुऊन सुमारे अर्धा तास शिजवितात, जादा पाणी काढून टाकतात आणि दाणे बांबूच्या चटईवर पसरून निववितात. ही पायरी घाईने उरकून चालत नाही. कारण दाणे फार गरम असताना मर्चा मिसळला, तर त्यातील जीव मरून जातात. निवलेल्या दाण्यांवर त्यांच्या वजनाच्या सुमारे २ टक्के मर्चाची पूड भुरभुरून ती सारखी कालवितात.

नंतर हे दाणे नेच्याच्या किंवा केळीच्या पानांचे अस्तर लावलेल्या बांबूच्या टोपलीत भरतात व वरून गोणपाट घालून दोन ते चार दिवस ठेवतात. टोपली ही येथे केवळ मडक्याच्या अभावी घेतलेली वस्तू नव्हे. बुरशीला वाढण्यासाठी हवा लागते आणि ती वाढताना उष्णता निर्माण होते. बांबूच्या विणीतून हवा आत येते, जादा उष्णता बाहेर पडते, तर पानांमुळे दाण्यांचा ओलावा टिकून राहतो. ह्याच वेळी दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडले, तर बुरशीची वाढ खुंटेल आणि पुढे यीस्टला पुरेशी साखर मिळणार नाही.

दाण्यांना गोडसर वास येऊ लागला की परिस्थिती उलट करावी लागते. आता दाणे मडक्यात दाबून भरतात व तोंड बंद करतात. हवा तुटल्यावर यीस्ट साखरेपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते. हवेचा शिरकाव होत राहिला, तर मद्यार्कापासून आम्ल तयार करणारे जिवाणू बळावतात आणि पेय आंबटढाण होते. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत, तर हिवाळ्यात पाच ते सात दिवसांत दाणे तयार होतात.

गाळण्याचे काम मात्र पिणाऱ्यावरच सोपविलेले असते. तयार दाणे ‘टोंगबा’ नावाच्या उभट पात्रात भरून त्यावर कोमट पाणी ओततात. दहा-पंधरा मिनिटांनी दुधाळ रस उतरतो. तो बांबूच्या बारीक नळीने ओढून घेतात. नळीच्या तळाजवळ बाजूला छिद्र असल्यामुळे दाणे आत शिरत नाहीत. त्याच दाण्यांवर दोन-तीन वेळा पाणी घालता येते.

ह्या सिद्धतेतील बहुतेक साधने बदलता येण्यासारखी आहेत. मडक्याऐवजी दुसरे भांडे चालते; टोपलीऐवजी हवा खेळू देणारे कोणतेही पात्र चालेल. पर्याय नाही तो मर्चाला. राई व लिंबू समाजांतील स्त्रिया तो प्रामुख्याने तयार करतात आणि आठवड्याच्या बाजारात विकून संसाराला हातभार लावतात. वनस्पतींची निवड व त्यांचे प्रमाण ही माहिती आईकडून मुलीकडे येते. सूक्ष्मजीव जुन्या वडीतून नव्या वडीत येतात. एखाद्या घरात हे काम थांबले की दोन्ही परंपरा एकदमच खंडित होतात. टोपली पुन्हा विणता येते आणि मडके पुन्हा घडविता येते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले ते विरजण एकदा नाहीसे झाले की त्याच रूपात परत मिळविणे दुरापास्त होय.